अकोल्याच्या घरावर मागितलेला आशीर्वाद

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन शुक्रवारी दुपारी आला, तेव्हा मी ऑफिसात डबा उघडत होतो. त्यांना ताप होता. उद्या अकोल्याला एका नव्या घराची उपकारस्तुतीची प्रार्थना आहे, माझ्याऐवजी तू जा, असं ते म्हणाले. घर कोणाचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. अमरावतीच्या आमच्या मंडळीत महिनाभर त्याच घराची चर्चा होती.

“मंडळीचे दुसरे पंच नाहीत का?” मी विचारलं.

“आहेत ना. पण दर महिन्याला प्रभुभोजनाचं तबक धरताना तुझं तोंड कसं होतं ते मी समोरून पाहतो. तू जा.”

ते घर माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं होतं, म्हणजे पूर्वीच्या नवऱ्याचं. लग्नानंतर काही वर्षांनी बहिणीच्या छातीत गाठ निघाली. उपचार अर्ध्यावर असताना तो तिला आमच्याकडे घेऊन आला. चार दिवस माहेरी राहू द्या, जरा बरं वाटलं की नेतो, असं म्हणाला आणि आला त्याच रिक्षाने परत गेला. पुन्हा नेलं नाही. तिचे केस गेले, परत आले. ती बरी झाली, नर्सरी शाळेत शिकवायला लागली. मग त्याच्याकडून कोर्टाचा कागद आला. पुढे त्याने दुसरं लग्न केलं. तेव्हा त्याचं मोटारपंप दुरुस्तीचं एका खोलीचं दुकान होतं. आता त्या जागी काचेचं शोरूम आहे आणि ठिबकचे पाईप घ्यायला पार अंजनगावहून लोक येतात.

मी रोज प्रार्थना करायचो. त्याचं वाटोळं कर, असं सरळ मागायची हिंमत नव्हती. “प्रभू, तू न्यायी आहेस,” एवढंच म्हणायचो आणि पुढचं त्याने समजून घ्यावं असं धरून चालायचो. दुकान वाढत गेलं. आमच्यात शिकवतात की भावाविरुद्ध मनात काही असेल तर आधी ते मिटवावं आणि मग प्रभुभोजनाच्या मेजाजवळ यावं. मी मात्र ते सगळं मनात ठेवून पहिल्या रविवारी ओळीओळीने लोकांपुढे द्राक्षरसाचे प्याले धरत होतो, स्वतःही घेत होतो.

नाताळाच्या आधी अकोल्यात एक सभा झाली. तिथे त्याने उभं राहून साक्ष दिली. मी मागच्या खुर्चीवर होतो. मी मोठा पापी होतो, प्रभूने माझं सगळं धुऊन टाकलं आणि बघा, किती भरभरून दिलं, असं तो रुमालाने डोळे पुसत बोलला. लोक हालेलुया म्हणाले. त्यात माझ्या बहिणीचा उल्लेख नव्हता, तिच्या आजाराचाही नव्हता.

तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नव्हतं. तो खोटं बोलत असता तर सोपं होतं. पण त्याचं रडणं खरं वाटलं. लहानपणापासून मी ऐकत आलोय की क्षमा कमावता येत नाही, ती फुकट मिळते, सगळ्यात वाईट माणसालाही मिळते. मग त्याला मिळाली असेल तर? माझ्या बहिणीला न विचारता, तिच्या वाटणीचंही देवाने परस्पर माफ करून टाकलं असेल तर? आणि तसं करता येत नसेल, तर माझ्या मनातल्या घाणीचं काय, ती कोण माफ करणार? बसमध्ये, ऑफिसात, जेवताना हाच प्रश्न फिरून फिरून यायचा.

शुक्रवारी संध्याकाळी घरी येऊन बहिणीला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

“मग जा ना,” ती म्हणाली. “जेवण चांगलं रायते त्यायच्या घरी. माह्या वाटचं मटण तूच खाजो.”

“तुले काहीच नाई वाटत?”

“मले काय वाटते ते वाटते. तू काहून तोंड पाडून राहिला? नवरा माहा होता का तुहा?”

शनिवारी सकाळच्या एसटीने निघालो. मूर्तिजापूरपर्यंत मी प्रार्थनेचे शब्द जुळवत होतो. घरासाठी काय मागायचं ते सुचायचं, पण त्याचं नाव आलं की वाक्य अडायचं.

आमच्याकडे नव्या घराच्या प्रार्थनेत पुढारी माणूस दाराच्या चौकटीवर हात ठेवतो आणि घरधन्याचं व त्याच्या बायकोचं नाव जोडीने घेऊन आशीर्वाद मागतो. मागे उभे असलेले सगळे आमेन म्हणतात, मग दार उघडतात. घर दुमजली होतं, चौकट सागवानी, नवीन पॉलिशचा वास येत होता. तो पुढे आला, सलाम म्हणाला, दोन्ही हातांनी माझा हात धरला. केस पिकले होते. त्याच्यामागे त्याची बायको उभी होती, वरूडकडची, अंगाने बारीक, पदर डोक्यावर घट्ट ओढलेला. पेटीवाल्याने गीत संपवलं. मी चौकटीवर हात ठेवला, डोळे मिटले.

बहिणीचं लग्न झालं तेव्हापासून आमच्या घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत आई त्या दोघांचं नाव जोडीने घ्यायची. आई गेल्यावर मी घ्यायला लागलो. ती सवय पुढे मोडली, असं मी समजत होतो. मी त्याचं नाव घेतलं आणि त्याला जोडून माझ्या तोंडून माझ्या बहिणीचं नाव गेलं. या दोघांना या घरात सुखाने नांदव, असं मी मागितलं.

सगळे एका सुरात आमेन म्हणाले.

मग कोणीतरी खोकलं. त्याने घाईने किल्ली फिरवली आणि मोठ्याने हसला. “आमच्या साळेबुवाले अजून जुनंच आठवते,” तो म्हणाला. दोनचार जण हसले. मी चुकलो म्हणालो, पण नाव दुरुस्त करून पुन्हा प्रार्थना केली नाही. लोक आत शिरले, पंखे लागले, पत्रावळी मांडल्या गेल्या.

जेवून हात धुताना त्याची बायको टॉवेल घेऊन आली.

“भाऊ,” ती हळूच म्हणाली, “माहं नाव घ्याचं राहून गेलं.”

“हो, चुकून झालं.”

“चुकलं त चुकलं. पण आता घ्या ना. आतल्या खोलीत घेतलं तरी चालते.”

बस चुकेल, असं मी म्हणालो. बसला भरपूर वेळ होता. तिने मान हलवली आणि टॉवेल घेऊन गेली.

तो मला गाडीतून स्टँडवर सोडायला आला. स्टँडच्या फाटकापाशी गाडी थांबवून म्हणाला, “मुद्दाम केलं ना?”

“नाही.” हे खरं होतं की नाही, मला सांगता येत नव्हतं. अजूनही येत नाही.

“तिचं नाव माह्या घरात कोणी घेत नाई,” तो म्हणाला. “आज तुमी घेतलं त मी हासून नेलं.” त्याने गाडी बंद केली. “देवाले माफी मागणं सोपं जाते भाऊ. तो समोर उभा नाई रायत. तिले म्हणा...”

मागून ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला. मी दार उघडून उतरलो. काय म्हणू, असं विचारलं नाही. मला ते वाक्य पुरं होऊ द्यायचं नव्हतं. त्याने माफी मागितली असती तर बहिणीने ती दिली असती आणि मग माझ्याकडे काय उरलं असतं?

संध्याकाळी घरी मी नावाची चूक सांगितली. बहीण आधी हसली, हसता हसता थांबली.

“अन् तिचं नाव?”

“नाही घेतलं.”

“नंतर?”

मी टॉवेलची गोष्ट सांगितली. तिने भाकर तव्यावर टाकली.

“त्या बाईनं माहं काय केलं?” ती म्हणाली. “तिनं सोताहून मांगितलं अन् तू बस पाहून राहिलता? पंच म्हणवतं सोताले.” मग तव्यावरची भाकर उलटत तिने विचारलं, “तो काही बोलला?”

“नाही,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार होता. चर्चच्या पायऱ्यांशी चिंचेखाली मी चप्पल काढली, पण पाय उचलेना. आत तबकं मांडली जात होती. बहीण स्त्रियांच्या बाजूला जायला वळली तेव्हा मी तिला हाक मारली आणि सांगितलं, तो काय म्हणाला, आणि मी कसा उतरलो.

तिचा चेहरा उतरला. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“‘तिले म्हणा’, एवढंच?”

“एवढंच.”

“मग पुरं बोलायले सांगजो त्याले. मी आयकीन. माफ करीन का नाई ते आत्ताच नाई सांगत. पण ते माहं हाये, तुहं नाई. तू मंधात उभा राहू नको.” मग म्हणाली, “फोन लाव. त्या बाईसाठी मांग आधी.”

मी त्यांच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला. मी काय करायचं राहिलंय ते सांगितलं. ती जरा थांबा म्हणाली आणि तिच्या बांगड्या वाजल्या. बहुतेक चौकटीवर हात ठेवला असावा. नावं जोडीने घ्यायची असतात. तिच्या नावाआधी त्याचं नाव घ्यावं लागलं. ते मी घेतलं. दोघांसाठी मागितलं. पलीकडून तिचा आमेन आला आणि इकडे माझ्या शेजारून बहिणीचा.

आत मी तबक फिरवलं. मनातलं सगळं गेलं होतं, असं मी लिहिलं तर खोटं होईल. पाळकसाहेब शाल पांघरून खुर्चीवर बसले होते. सगळ्यांच्या हातात प्याले पोचले. आमच्यात सगळे एकदमच पितात. तबकात शेवटचा प्याला माझा उरला. लोक माझ्यासाठी थांबले होते. स्त्रियांच्या बाजूने बहीण पाहत होती.

मी तो उचलला आणि प्यालो. योग्य केलं की नाही, मला अजून कळलेलं नाही. उद्या अकोल्याला फोन करून त्याला ते वाक्य पुरं करायला सांगायचं आहे.