हाकेला ओ

डोंगराच्या कुशीतून गेलेली ती पायवाट इतकी अरुंद, की समोरून अस्वल आलं तर दोघांपैकी एकाला मागे फिरावंच लागे, आणि अस्वलाला मागे फिरायची सवय नसते. म्हणून दोघा वाटाड्या भावांनी एक रीत पाळली होती. थोरला पुढे, धाकटा सगळ्यांच्या मागे, मध्ये शहरातले हौशी चालणारे. प्रत्येक आंधळ्या वळणावर थोरल्याने थांबून हाक मारायची आणि मागून धाकट्याची ओ आली की मगच वळण ओलांडायचं. दोन्हीकडून माणसांचा आवाज आला की अस्वल आपणहून वर निघून जातं. ओ आली नाही, तर सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं आणि थोरल्याने मागे जाऊन बघायचं.

थोरला बोलघेवडा. त्याची एक ठेवणीतली गोष्ट होती. धाकट्याने एकदा धुक्यात जळक्या खोडाला अस्वल समजून हात जोडले आणि "जा रे बाबा, लेकीचा बाप आहे मी," अशी विनवणी केली. खोड कसलं जातंय! धुकं विरेपर्यंत हा तसाच उभा. थोरला नक्कल करून सांगायला लागला की माणसं पोट धरून हसत, मागून धाकटाही हसायचा. पण एकदा शाळेने थोरल्याला अस्वलांविषयी बोलायला बोलावलं आणि या दीडशहाण्याने ती गोष्ट नेमकी धाकट्याच्या लेकीच्या वर्गात सांगितली. पोरं तिला 'खोडाची मुलगी' म्हणून चिडवू लागली. ती रडत घरी आली.

"माझ्यावर हस की, दादा. पण तिच्यासमोर कशाला?" धाकटा म्हणाला.

"अरे, गंमत रे! एवढ्याशा गोष्टीचं काय मनाला लावून घेतोस?"

झालं. धाकट्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. 'चुकलो' म्हणायला थोरल्याची जीभ रेटेना. एकाच आईची लेकरं ती, मोडतील पण वाकणार नाहीत. काम मात्र एकत्रच. वळणावर थोरला हाक मारी, मागून ओ नाही. पहिल्यांदा तो धावत मागे गेला, तर धाकटा काठी टेकत निवांत येत होता, नजर आभाळात. पुढच्या वळणावरही तेच. मग थोरल्याने मागे जाणं सोडलं, आणि पुढेपुढे थांबणंही सोडलं. फुगलाय ना, फुगू दे. जी रीत वर्षानुवर्षं जीव राखत आली, ती रुसव्यापायी मोडणाऱ्यांना काय म्हणावं!

त्या सकाळी सोबत कॉलेजातली पाच-सहा मुलं होती. शेवटच्या वळणावर थोरल्याने नावापुरती हाक मारली आणि चालता चालता तीच खोडाची गोष्ट सुरू केली. हसण्याने कडा दुमदुमला. पलीकडे मोकळ्या जागी पोचल्यावर त्याने थर्मासमधला चहा सगळ्यांना ओतला.

"आणि मागचे काका?" एका मुलीने विचारलं.

"येईल. रुसूबाई आहे आमची."

चहा संपला तरी धाकटा आला नाही. मग मात्र थोरला आल्या वाटेने धावत सुटला. वाटेवर काठी आडवी पडली होती. खालच्या झुडपात धाकटा अडकला होता. पिलाला घेऊन घळीतून उतरलेली मादी त्याला नेमकी त्या वळणावर सामोरी आली होती. जीव होता, पण अस्वल पंजा मारतं ते तोंडावरच, आणि त्या तोंडात थोरल्याला आपला भाऊ शोधावा लागला.

जबडा तारांनी बांधला. तारा निघाल्या की बोलतील, असं डॉक्टर म्हणाले, आणि तसंच झालं. धाकटा बायकोशी बोलू लागला, लेकीशी बोलू लागला, अडखळत का होईना. थोरला दारात दिसला की मात्र भिंतीकडे तोंड करायचा. थोरल्याने डोंगर सोडला होता. रोज येऊन तो खाटेजवळच्या स्टुलावर बसे. भावजय चहा ठेवून आत जाई. भावाच्या एका शब्दावर त्याचा जीव टांगलेला होता.

"शिवी दे, थोबाडीत मार," एक दिवस त्याला रडू आवरेना, "पण बोल रे! तुझी ओ आली नाही, मला वाटलं, नेहमीसारखा रुसलायस."

धाकटा सावकाश वळला. त्याच्या उरलेल्या डोळ्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"दिली होती," तो म्हणाला. शब्द फुटायला त्याला वेळ लागत होता. "त्या दिवशी ओ दिली होती मी, दादा. म्हटलं, पुरे झालं आता, भाऊच आहे आपला. अस्वल नंतर आलं. तेव्हा तर केवढ्याने ओरडलो. तुम्ही हसत होतात."

त्या दिवसापासून धाकटा त्याच्याशी बोलतो. खिडकी लाव म्हणतो, पोरीचा अभ्यास बघ म्हणतो, जेवलास का विचारतो. थोरला नुसता 'हूं' म्हणतो आणि चहा अर्धा टाकून उठतो. हल्ली तो रोज येत नाही.