चौकशीला आलेल्या गृहस्थांना मी काय सांगितलं

अरविंद गेला त्याला दीड महिना झाला. त्याच्याविषयी चांगलं सांगणारे पुष्कळ आहेत. मला आधी माझी चूक सांगायची आहे. त्याने विश्वासाने मन मोकळं केलं आणि पंधरा दिवसांत मी त्याच्याच विरुद्ध वागलो. तेही, त्याचं भलं करतोय अशा समजुतीने.

तुर्भ्याच्या कारखान्यात आम्ही दोघं ड्राफ्ट्समन. कोपरखैरण्याला सोसायटीही एकच. त्याच्याबरोबर विजय राहायचा (हे खरं नाव नाही). लोकांच्या लेखी भाडं वाटून घेणारा मित्र. रविवारी दुपारी मी हक्काने त्यांच्याकडे चहाला जायचो. "बाईमाणूस नाही म्हणून घर एवढं टापटीप!" हा माझा ठरलेला विनोद. "थांब, वहिनींना सांगतो," अरविंद म्हणायचा. विजय मात्र हसायचा नाही, उठून गॅसपाशी जायचा. मला कधी काही कळलं नाही... की कळून घ्यायचं नव्हतं?

एका संध्याकाळी खाडीच्या बांधावर फिरताना अरविंद म्हणाला, "विजयला स्थळ आलंय. नावड्याचं."

"मग पेढे कधी?"

"पेढे कसले रे... सात वर्षं आम्ही नवरा-बायकोसारखे राहतोय."

मी चालायचा थांबलो. तो थांबला नाही, त्यामुळे पुढचं सगळं मी त्याच्या पाठीकडे बघत ऐकलं. विजयच्या आईने अन्नपाणी सोडलं होतं. विजयने घाबरून होकार दिला होता, आणि घरी आला की अरविंदशी बोलत नव्हता. "त्याला नाही म्हणता येत नाही," अरविंद म्हणाला. "मुलीकडचे तुझ्याकडे येतील, तू सोसायटीचा सेक्रेटरी आहेस. एवढंच म्हण, फारशी ओळख नाही."

आपल्याकडे चौकशीची रीत अशीच आहे. शेजारी नुसतं 'ओळख नाही' म्हणाला तरी समजणारा समजतो आणि स्थळ मागे पडतं. मी "बघतो" म्हणालो.

मुलीचे वडील आले. निवृत्त शिक्षक, हातात कापडी पिशवी. मी चहा मागवला. "मुलगा कसा आहे? तुमच्या शब्दावर पुढं जाणार आहे," ते म्हणाले. सेक्रेटरीच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला असं कोणी म्हटलं की छाती फुगते. शिवाय मनात होतं, लग्न झालं की दोघंही या फेऱ्यातून सुटतील. मी म्हणालो, "लाखात एक. डोळे मिटून मुलगी द्या."

महिन्याभरात विजय बॅग घेऊन गेला. अरविंदने मला एकदाच विचारलं, "काय सांगितलंस?" मी सांगितलं. "छान सांगितलंस," तो म्हणाला आणि चहा गाळायला लागला. त्यानंतरही दर रविवारी चहा मिळत राहिला, कपात साखर माझ्या आवडीची. तो भांडला असता तर मी सुटलो असतो.

वर्षाच्या आत विजयची बायको माहेरी परतली. विजय दूरच्या गावी बदली घेऊन गेला, अरविंदकडे आला नाही. पुढे तीन वर्षं मी रोज कंपनीच्या बसमध्ये अरविंदशेजारी बसलो आणि माफीचा शब्द काढू शकलो नाही.

मग त्याला कावीळ झाली. शेवटच्या भेटीत, दवाखान्यात, मी कसाबसा बोललो, "अरविंद, त्या वेळी मी..." त्याने हात हलवला. "माझं राहू दे. मला निदान माहीत होतं काय चाललंय. त्या मुलीला कुणी काय सांगितलं?" तिसऱ्या दिवशी तो गेला. आता रविवारी चार वाजता मी चपला घालतो, जिना उतरतो आणि त्याच्या कुलूपबंद दारासमोर उभा राहतो. आतून तोच प्रश्न येतो...

गेल्या रविवारी तिथून तसाच नावड्याला गेलो. दार त्या मुलीनेच उघडलं. "सेक्रेटरीकाका ना? तुम्ही आहेरात मिक्सर दिला होता. चालतोय अजून." मास्तर आत वर्तमानपत्र वाचत होते. मी त्यांच्यासमोर बसून सुरुवात केली, "तुम्ही चौकशीला आलात तेव्हा त्याचं मन दुसरीकडे आहे हे मला ठाऊक होतं..." मास्तरांनी चष्मा काढला.

"कुणाकडे होतं ते मला त्यानेच सांगितलं," ती मागून म्हणाली. "लग्नानंतर आठ महिन्यांनी. रडत होता. पण तुम्ही बाबांना काय सांगताय? लग्न माझं झालं होतं."

खरंच होतं. चौकशी बापाने केली, उत्तर मी दिलं, आणि जिचं आयुष्य होतं ती आजवर माझ्या हिशेबातच नव्हती. मी उठलो, तिच्याकडे वळलो. तिच्या वयाची माझी भाची आहे, पण मला तिला अगं-तुगं करवेना.

"मला माहीत होतं," मी म्हणालो, "आणि तरी मी तुम्हाला त्या घरात जाऊ दिलं. अरविंदचा विश्वासही मोडला. माझं चुकलं. मला माफ करा."