जातीचा रकाना

२०१६ च्या जूनमध्ये मी चिंचणीच्या अलीकडच्या एका गावात, प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका होते. शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल. एका सकाळी पन्नाशीचे एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी ऑफिसच्या दाराशी आले. अच्छाडच्या चेकपोस्टजवळ त्यांचं ट्रकच्या टायरचं पंक्चर काढायचं दुकान होतं. मुलीला नर्सिंगला जायचं होतं आणि त्यासाठी जातीचा दाखला हवा होता.

"तुमचा स्वतःचा असेल ना?" मी विचारलं.

"कधी काढलाच नाही, बाई. गरज पडली नाही. आता म्हणतात, पन्नास सालच्या आधीचा पुरावा आणा. माझे वडील या शाळेत दोन वर्षं होते, एवढं मला माहीत आहे."

जुनी रजिस्टरं पत्र्याच्या पेटीत होती. वाळवीने कडा खाल्लेल्या, पण अक्षर सुरेख. दोन तास शोधल्यावर मुलीलाच आजोबांचं नाव सापडलं. जातीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'अस्पृश्य'. पुढे शेऱ्यात, 'ओट्यावर बसतो'. तिने ते मोठ्याने वाचलं. वडील खिडकीकडे बघत होते. आपल्या वडिलांनी हे त्यांना कधी सांगितलं नसावं.

"उताऱ्यात शेरा नाही घेतला तरी चालेल," मी म्हटलं.

"घ्या, बाई," मुलगी म्हणाली. "आहे तसं लिहा."

मी लिहून, शिक्का मारून दिलं. काम झालं असं मला वाटलं होतं. चार दिवसांनी दोघं परत आली. अर्ज माघारी आला होता. मला राग आला आणि शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर मी त्यांच्यासोबत डहाणूच्या प्रांत कचेरीत गेले.

तिथले कारकून निवृत्तीला आलेले होते. त्यांनी आवाज चढवला नाही. खुर्च्या दिल्या आणि टेबलाच्या खणातून एक टाइप केलेली यादी काढली.

"बाई, इंग्रजांनी छत्तीस साली अनुसूचित जातींची यादी काढली. स्वातंत्र्यानंतर घटनेखाली यादी झाली, तीही बरीचशी त्याच पायावर. यादीत एकेका जातीचं नाव आहे. 'अस्पृश्य' असं नाव त्यात नाही. मी साहेबांची सही कशावर घेऊ?"

"वडिलांना बाहेर ओट्यावर बसवताना कुणाला नाव लागलं नव्हतं," गृहस्थ हळूच म्हणाले.

कारकुनांनी यादी उलटी ठेवली. मग ते म्हणाले, "कोतवाल बुक बघू. गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी त्यात असतात, जातीसकट. मोडी लिपीत आहेत. वाचणारे मंगळवारी येतात."

पहिल्या मंगळवारी काही सापडलं नाही. दुसऱ्या मंगळवारी मी रजा टाकली. मोडी वाचणारे वयस्कर गृहस्थ भिंग धरून एकेक ओळ बोटाखालून सरकवत होते. दुपारी त्यांचं बोट थांबलं. पित्याचं नाव शाळेच्या रजिस्टरातलंच, गाव तेच, आणि जात स्पष्ट लिहिलेली. ती जात मी इथे लिहीत नाही. ते नाव मुलीच्या वडिलांनी आयुष्यभर परक्यांपासून लपवलं होतं.

"पण ही नोंद मुलीच्या जन्माची आहे," वाचणारे म्हणाले. "तुमच्या वडिलांची मोठी बहीण. महिनाभरातच वारल्याचीही नोंद आहे."

"वडिलांना बहीण होती?" ते पुढे सरकले. "नाव काय तिचं?"

"नाव नाही. नुसतं 'मुलगी' लिहिलंय."

मुलीच्या वडिलांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. कारकुनांनी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र कसं करायचं ते समजावलं. सख्ख्या आत्याची नोंद पुरावा म्हणून धरता येईल, असं ते म्हणाले. तसंच झालं. प्रवेशाची मुदत संपायच्या तीन दिवस आधी दाखला हातात आला. त्या दिवशीही मी डहाणूला गेले होते.

कचेरीबाहेर मी म्हटलं, "लॅमिनेशन करून घ्या. अच्छाडला तुमच्या शेजारीच सोय असेल."

"तिथे नको, बाई. इथेच करतो," ते म्हणाले. "तिथे सगळे ओळखीचे आहेत. माझ्या हातचा चहा पितात."

इतके दिवस ज्या कागदासाठी आम्ही वणवण केली, तो त्यांना आपल्याच दुकानावरून उघडा नेता येत नव्हता.

मुलीने दाखला त्यांच्या हातातून घेतला, एकदा नीट वाचला आणि म्हणाली, "बाबा, कॉलेजच्या खिडकीवर मी हा सगळ्यांसमोर देणार आहे. तुम्ही यायचं असेल तर या."

ते तिच्याबरोबर गेले, असं तिने पुढे मला फोनवर सांगितलं.