गोचिडी काढणारे हात

सासूबाई खिडकीशी बसून शालीवरचे लोकरीचे बारीक गोळे खुडताहेत. रोज दुपारी म्हशीच्या कानामागच्या गोचिडी काढताना बोटं चालायची, अगदी तशीच. काढायची आणि नखानं चिरडायची. त्यातूनच ताप आला, तळहातांवरसुद्धा लाल पुरळ उठलं. डॉक्टरांनी वेळेत ओळखलं म्हणून गोळ्यांनी ताप उतरला. ‘नुसत्या हातानं गोचीड चिरडायची नाही,’ एवढंच ते म्हणाले होते. मी मात्र सासूबाईंचं गोठ्यात जाणंच बंद केलं. आता गोचिडी मी काढते. हातमोजे घालून, चिमट्यानं. गोठ्यात औषधही फवारून घेतलंय.

म्हैस दाव्याला, सासूबाई खिडकीला. दोघी एकमेकींकडे बघत दिवस काढतात. बांधून ठेवायला दावंच लागतं असं कुठंय? माझी काळजी पुरली की.

काल मलाच राहवेना. माझे हातमोजे त्यांच्या हातात घातले आणि म्हटलं, "जा, भेटून या."

म्हशीनं हात हुंगला आणि मान फिरवली.

सासूबाई खिडकीशी परतल्या.

"तिचं काय चुकलं गं," त्या म्हणाल्या, "तिला वाटलं, तूच आलीस."