जिवंत किंवा मृत, दर एकच

पोलीस खात्यात चोर थोडे सापडतात, किस्से मात्र ढिगानं! मी आलापल्लीच्या पलीकडे, जंगलातल्या एका ठाण्यावर रायटर होतो. म्हणजे ठाण्याची सगळी लिखापढी माझ्याकडे. आता पेन्शनीत आल्यावर मित्र म्हणतात, "सांग ना एखादा जंगलातला." मी हसत सुरुवात करतो अन् बहुतेक वेळा मध्येच गप्प होतो. कारण फिरून फिरून गाडी लालसूच्या बक्षिसावर येते.

लालसू म्हणजे टोळीचा म्होरक्या. ठेकेदारांची सागाच्या लाकडांची आगारं जाळायचा. एका आगीत चौकीदार मेला, अन् आसपासच्या गावांत दिवस बुडायच्या आत दारं लागू लागली. मग नवा कायदा आला: अशा फरारी म्होरक्याला जो आणून देईल त्याला सरकारी इनाम. आमच्या लालसूवर पाचशे रुपये! त्या काळचे पाचशे, बरं का.

इनामाच्या कागदावर फोटो नव्हता, नुसतं वर्णन होतं. "रंग सावळा, बांधा सडपातळ, केस कुरळे, अंगात सदरा नाही." आमचे हवालदार महादेवराव सिंदेवाहीकडचे. ते म्हणाले, "साहेब, सदरा काढला तं मीबी लालसूच!"

फौजदार साहेब बाहेरून बदलून आलेले. ते हसले नाहीत.

* * *

पहिल्याच आठवड्यात एक शेतकरी आपल्या शेजाऱ्याला घेऊन ठाण्यावर हजर. "हा लालसू. बक्षीस द्या."

शेजाऱ्याचं नाव खरंच लालसू होतं. त्या भागात हाक मारली तर चार लालसू वळून बघतील, अशी परिस्थिती! मी त्याला विचारलं, "अरे बाबा, तू काऊन आला?"

"यानं सांगलं, लालसू नेला तं पैसे भेटते. अर्धे याचे, अर्धे माझे!"

सगळं ठाणं पोट धरून हसलं. साहेबांनी मात्र चौकशी पुरी होईस्तोवर त्याला कोठडीत घातलं. ते दिवस धान कापणीचे. तो सुटून गेला तोवर रानडुकरांनी त्याचं उभं धान लोळवून टाकलं होतं. पुढच्या बाजारी तो मला भेटला अन् अगदी साधेपणानं म्हणाला, "आता माझे अर्धे तं द्या."

* * *

बक्षिसाची दवंडी द्यायला कोतवाल डफडं घेऊन गावोगाव फिरला. एका गावात एका म्हाताऱ्यानं त्याला अडवलं.

"जिता आनला तं किती?"

"पाचशे."

"अन् मेलेला आनला तं?"

"पाचशेच."

म्हातारा विचारात पडला. "मंग जिता कोन आनन? मेलेला न्याले सोपा. पळत नाई, भाकर मांगत नाई!"

लोक खो खो हसले. त्या गर्दीत म्होरक्या लालसूची आई चैतीबाई उभी होती. ती हसली नाही, असं कोतवालानं मला नंतर सांगितलं.

* * *

दोनच दिवसांनी चैतीबाई ठाण्यावर आली. सोबत मोहफुलांची टोपली. बाजारात शिकलेली मराठी बोलायची.

"लिवनारा तूच का?"

"हो, बाई."

"मंग जित्याचे जास्त लिव. नाईतर मेलेल्याचे कमी लिव. जेलात टाका त्याले, पन जिता आनला पायजे."

मी म्हटलं, "बाई, कायदा माझ्या हातात नाही."

"पेन तं तुह्याच हातात हाय," ती म्हणाली.

हे मात्र मला लागलं. टोपली मी परत केली, पण साहेबांची मनधरणी करून वर एक अर्ज पाठवला: जिवंत आणणाऱ्यास जास्त इनाम असावं. चैतीबाई दर बाजाराला यायची, दारातूनच विचारायची, "आलं का उत्तर?" मी नाही म्हणायचो. ती जायची.

महिन्यांमागून महिने गेले. तेवढ्यात राज्यांची फेरआखणी झाली अन् आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून उचलून मुंबई राज्यात टाकला. अन् मग उत्तर आलं! "आपला जिल्हा आता या राज्यात नाही. योग्य ठिकाणी अर्ज करावा."

त्या बाजारी मी तिला सांगितलं, "बाई, राज्यच बदललं."

तिचा चेहरा एकदम उजळला. "मंग बक्षीसबी गेलं?"

"नाही. बक्षीस कायम आहे."

आयुष्यात एवढं वाईट वाक्य मी दुसरं बोललो नसेन.

* * *

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ठेकेदाराची दोन माणसं बैलगाडी घेऊन ठाण्यावर आली. गाडीत पळसाच्या पानांखाली प्रेत. "लालसू आनला. पाचशे काढा!"

साहेब म्हणाले, "आधी ओळख पटली पाहिजे. ओळख पटली तरच इनाम." महादेवराव जाऊन चैतीबाईला घेऊन आले. तोवर ठेकेदाराची माणसं आंब्याखाली विडी ओढत बसली होती.

चैतीबाईनं पानं बाजूला केली. बराच वेळ पाहिलं. केसांत अडकलेली एक काडी काढून टाकली.

"हा माझा लेक नोहे," ती म्हणाली.

दोघं उसळून उठली. "खोटं बोलून राह्यली बुढी!" साहेबांनी दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर. मी पंचनाम्यात लिहिलं, ओळख पटली नाही. तिचा अंगठा घेतला. प्रेत तिथंच उतरवून, शिव्या देत दोघं गाडीसकट निघून गेली.

आता बेवारस प्रेताचं काय करायचं? साहेब म्हणाले, "ठाण्यामागं पुरून टाका."

"कोनाचा तरी असन नं," चैतीबाई म्हणाली. "मले द्या. मी माती देतो."

साहेबांची ब्यादच टळली. महादेवरावांनी गावातून गाडी आणली, प्रेत ठेवू लागले. ठेवता ठेवता त्यांनी हळूच विचारलं, "कुठी नेऊन राह्यली, बाई?"

"आमच्या मसनवटीत."

त्यांच्या कुळाची मसनवटी जंगलात आहे, प्रत्येकाच्या नावाचा दगड उभा केलेली. कुळाबाहेरच्या माणसाला तिथं माती देत नाहीत, हे त्या मुलखात सगळ्यांना ठाऊक. महादेवरावांनाही.

ते तिच्याकडे बघत राहिले. "परक्या कुळाचा चालते का तिथी?"

"नाई चालत," ती म्हणाली अन् बैल हाकले.