आधी पायाचा फोटो

यवतमाळच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा आई डोळे पुसत होती आणि बाबा मला मंगळाची गोष्ट सांगत होते. शाळेत विज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, निरोपही तसाच. सुरुवातीच्या काळात मंगळावर एक यान उतरलं, माणूस नसलेलं, परतीची सोय नसलेलं. त्याने पहिला फोटो पाठवला तो स्वतःच्या पायाचा. जमीन धरली की नाही, ते आधी कळायला हवं ना!

"पोचली की पहिले पायाचा फोटो टाक," बाबा म्हणाले. "तोंडाचा नंतर. तोंड काय, कुठंही हसते."

पुण्यात विश्रांतवाडीतल्या खोलीत पोचले आणि दारातच फोटो काढायला लागले. घरमालकीणबाई म्हणाल्या, "अहो, चपला बाहेर. फोटो काढायचा असेल तर तोही बाहेरच." रबरी चपलेतला, नखात गावची माती असलेला तो पाय अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. पुढे खोल्या बदलल्या, नोकरी बदलली. माझ्या बोलण्यातलं 'पहिले' जाऊन 'आधी' आलं, मागोमाग मीटिंग आणि डेडलाइन आल्या. दर मुक्कामाहून मी पाय पाठवला. बाबांचं उत्तर ठरलेलं: "जमीन धरली."

त्यांच्या पायाचा फोटो मात्र मी कधी मागितला नाही. ते तर घरीच होते. त्यांना शुगर आहे हे मला माहीत होतं. डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम चिघळत चाललीय हे त्यांनी आईलाही सांगू दिलं नाही, माझी नोकरी नवी म्हणून. व्हिडिओ कॉलवर चेहरा हसरा असायचा आणि मी माझ्या डब्याच्या तक्रारी सांगत बसायचे. कळलं तेव्हा उशीर झाला होता. मी यवतमाळला पोचले तोवर डावा पाय गुडघ्याखाली काढलेला होता. माझ्या गाफीलपणाची लाज मला आजही वाटते. तोंडावर जाऊ नकोस, हे ज्यांनी शिकवलं त्यांच्याच तोंडावर मी महिनोन्‌महिने गेले.

मागच्या महिन्यात दोघांना कायमचं पुण्याला आणलं. घराला कुलूप लावल्यावर बाबांनी ते दोनदा ओढून पाहिलं. इथे रिक्षातून उतरून कुबड्या टेकत ते माझ्या दारात आले. मी धरायला गेले, तर "थांब" म्हणाले आणि आईला मोबाइल काढायला लावला. मी समोर उभी असताना माझाच फोन वाजला. फोटोत माझी फरशी, तिच्यावर एक पाय आणि दोन बाजूंना कुबड्यांची रबरी टोकं.

"त्या यानालेही तीनच पाय होते," बाबा म्हणाले.

"जमीन धरली," एवढंच मला म्हणता आलं, तेही रडत.

गाव कुठलं विचारलं, तर अजून यवतमाळच तोंडात येतं. पण आता ऑफिसातून आले की मी आधी खाली बसते, बाबांचा उजवा पाय मांडीवर घेते, तळवा, बोटं, नखं नीट बघते. मग वर त्यांच्या तोंडाकडे.