कुलपातलं काळीज

मुरबाड तालुक्यात एखादी गोष्ट गुप्त ठेवून दाखवलेला माणूस आजवर एकच झाला, आणि तो माझा साडू आहे. हे सोपं नाही हो! आमच्याकडे कल्याणला जायचं तर माणसं जीपमध्ये मांडीला मांडी लावून बसतात, आणि जीप सुटायच्या आत तुमच्या सुनेला कितवा महिना लागलाय ते मागच्या सीटपर्यंत पोचलेलं असतं. साडू मात्र सरळगावला उतरायचं असलं तरी टोकावड्याचं सांगून बसणार आणि मध्येच "अरारा, काम राहिला!" म्हणत उडी मारणार. शिंप्याला मापं देताना प्रत्येक मापात मनातले दोन इंच मिळवणार, कारण आपली कंबर किती हे मुरबाडात कुणाला कशाला कळायला हवं? माझ्या मेव्हणीचं, म्हणजे ताईचं, अर्धं आयुष्य त्या विजारी उसवून आवळण्यात गेलं. मी शहापूरला शाळेत गणित शिकवायचो, म्हणून मळणी झाली की बेरजेसाठी मला फोन यायचा. एकेका शेतातली पोती तो सांगायचा, पण प्रत्येक आकड्यात मनातला एक आकडा घालून. मी बेरीज सांगितली की आपलं घातलेलं वजा करून घ्यायचा. खरं भात किती झालं, ते मला आजही ठाऊक नाही. एकदा मी चिडलो तर शांतपणे म्हणाला, "बेरीज तुझी, भात माझा. वाईट नको वाटून घेव."

हा स्वभाव त्याच्या लेकीत उतरला आणि तिला चक्क त्याचा पगार मिळू लागला. ती पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते. एका होळीला पडवीत बसून तिने आम्हाला समजावलं, "काका, समजा माहिती आपली आहे, पण हिशोब करायची ताकद दुसऱ्याच्या मोठ्या कॉम्प्युटरकडे आहे. तर माहितीला कुलूप लावून पाठवायची. तो कुलूप न उघडता आतल्या आत हिशोब करतो आणि उत्तरही कुलपातच परत पाठवतो. किल्ली फक्त आपल्याकडे." गणिताचा मास्तर मी, माझं डोकं गरगरलं. साडू मात्र मांडीवर थाप मारून म्हणाला, "म्हंजे म्हशाच्या जत्रंतला रुमाल!" म्हशाच्या गुरांच्या बाजारात व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करतात. भोवती शंभर माणसं उभी असतात, बैल हातोहात विकला जातो, आणि भाव त्या दोघांखेरीज कुणाला कळत नाही. साडू लहानपणापासून बापाबरोबर ते बघत आला होता. लेक बापाकडे बघतच राहिली.

त्या वर्षी साडूने मनात एक गोष्ट दाबून ठेवली होती. त्याचा थोरला भाऊ खळ्यावर पाणी प्यायला बसला तो उठलाच नाही. काळजाचं दुखणं त्याने शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. आता साडू त्याच वयाला पोचला होता आणि त्याच्याही छातीत अधूनमधून कळ यायची. डॉक्टरकडे जायची सोय नव्हती, कारण जीपमध्ये विचारणार, "काय वो, दवाखान्यात कशापायी?" शेवटी लेकीने हातात धरायचं छोटं यंत्र आणलं. काळजाच्या ठोक्यांचा आलेख घरीच काढून, कुलूप लावून, तिच्या कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरकडे तपासायला पाठवला. एकच अट होती, ताईला कळता कामा नये.

किल्ली म्हणजे एक लांबलचक पासवर्ड होता. मोबाइलमध्ये ठेवेल तर तो साडू कसला! त्याने तो कागदावर उतरवून कागदाचे तीन तुकडे केले. एक वाशिंदच्या जुन्या दोस्ताकडे, एक सुपारीच्या डबीत घालून माझ्याकडे, आणि तिसरा बियाण्याच्या भाताच्या डब्यात तळाशी. उत्तर आलं तसा मला फोन आला, "डबी घेऊन ये. कशाला ते इचारू नको." मी एसटीने पोचलो तर वाशिंदचा तुकडा आलेला, पण साडू घामाघूम. तिसरा तुकडा डब्यात नव्हता! आणि ताईला विचारायची सोय नाही, कारण विचारलं की सगळं बाहेर येणार. तेव्हा कुठे त्याने मला सगळं सांगितलं. मी लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "आमच्याकडे किल्ली नसतेच काका, तोच तर सगळा मुद्दा आहे. नवी किल्ली करून पुन्हा आलेख काढून पाठवा." साडू मान हलवत म्हणाला, "येकदा काळीज घट्ट केला. आता परत नाय व्हायचा." मी याला ओळखतो. हा खरंच पुन्हा पाठवणार नाही आणि एक दिवस भावासारखाच जाईल.

आम्ही दोघं पडवीत बसून सुपाने बियाणं पाखडत होतो. तेवढ्यात ताई दारात आली. "भाऊजी, पेरणीला दोन म्हयनं हायत. आतापास्नं काय चाललाय?" तिने कनवटीतून कागदाचा तुकडा काढला आणि नवऱ्यापुढे धरला. "ह्योच शोधताय ना? रातचं छातीवर हात ठेवून बसता, मला दिसत नाय? आठ दिस वाट बघतंय, कवा इचाराल. मी काय जीपवाली हाय व्हय?"

साडूने तीन तुकडे जोडले. अक्षरं त्याने वाचली, मी दाबली. त्याने मोबाइल माझ्यापासून लांब धरून उत्तर वाचलं, ताईचा हात ओढून खांद्यावरच्या टॉवेलाखाली घेतला आणि तिची बोटं दाबली. ताईचे डोळे भरले. "अवो, मी काय बैल इकत घेतंय? तोंडानं सांगा ना!" आणि जन्मात खरी कंबर न सांगितलेला हा माणूस अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा ओरडला, "काळीज बरा हाय गो माझा! नुसती पित्ताची कळ असंल!" समोरच्या घरातून कुणी तरी विचारलं, "काय झाला वो?" तर त्यांनाही त्याने ते पुन्हा सांगितलं. मी तिथेच भाताच्या तुसात बसकण मारली, इतकं हायसं वाटलं. ताईने चहात साखर दुप्पट घातली आणि तो आम्ही तसाच प्यायलो.

निघताना साडू म्हणाला, "डबी ठेव तुझ्याकडं. काम झाला तिचा." ती अजून माझ्या कपाटात आहे. आत माझा तुकडा आहे, चार आकडे, पाच अक्षरं, आता कशालाच न लागणारी. बायको म्हणते टाकून द्या. पण भाताची पोतीसुद्धा मला खरी न सांगणाऱ्या माणसाने जिवाची किल्ली ठेवायची वेळ आली तेव्हा माझं घर गाठलं होतं, आणि ते मला त्याने कधी बोलून दाखवलं नाही. मीही त्याला विचारलेलं नाही.